खात्री असेल तरच पेन

१२ फेब्रुवारी, रविवार

________ वहिनी,

वर रेघ मारून जागा सोडली आहे, ती नजरचूक नव्हे. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तुम्ही म्हणाल, हा अजून जुन्याच नात्याने बोलतोय. ‘सौ.’ आता मला लिहिता येत नाही. ‘श्रीमती’ लिहिलं की पत्र बँकेतून आल्यासारखं वाटतं. शेवटी तुम्हीच शिकवलेलं केलं. शब्द सापडत नसेल तर भलताच कोंबू नये, जागा तशीच ठेवून पुढे जावं. पुढचं वाचलं की मागचं सुचतं.

‘वहिनी’ मात्र मी पेनाने लिहिलंय. शंका असेल तिथे पेन्सिल, खात्री असेल तरच पेन, हा तुमचाच नियम. कोर्टात नातं मोडलं ते तुमचं आणि दादाचं. माझं-तुमचं मोडल्याचा कागद मला कुणी दाखवलेला नाही, आणि कागद वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतला मी नाही हे तुम्ही जाणता.

पत्ता तुमच्या जावेने शोधून काढला. शाळेच्या वेबसाइटवर तुमचा फोटो आहे. ‘मुख्याध्यापिका’ असं खाली छापलंय. चष्मा बदलला, पण फळ्याला पाठ लावून उभं राहायची ढब तीच. आमची ही म्हणाली, “जाऊबाई अजून तश्शाच दिसतात हो. आपणच तेवढे म्हातारे झालो.” मी म्हटलं, “आपण म्हणू नकोस, स्वतःपुरतं बोल.” तर दोन दिवस चहा बिनसाखरेचा.

आता कामाचं. मी लिफ्ट दुरुस्तीच्या त्याच कंपनीत आहे, पण आता सुपरवायझर. शिवाय आठवड्यातून दोनदा कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकाऊ लोकांना शिकवतो. आठवी नापास माणूस खडू हातात घेऊन उभा राहतो. हे सांगताना माझी छाती फुगली आहे, आणि ती फुगल्याचं मी लपवणार नाही.

लायसन्सची लेखी परीक्षा अजून इंग्रजीतच असते. तीत अजून एक उतारा येतो आणि त्यात गाळलेल्या जागा भरायच्या असतात. ज्यांना अख्खी लिफ्ट डोळे मिटून उघडता येते ते अजून त्या अर्ध्या पानाच्या उताऱ्यात अडकतात. मीसुद्धा दोनदा आपटलो होतो. दादाला इंग्रजी येत होतं, पाणीपुरवठा खात्यातला हेडक्लार्क, सगळा पत्रव्यवहार त्याच्या हातचा. पण तो शिकवायला बसला की माझ्याआधी त्यालाच घाम फुटायचा. “अरे, सोपं आहे!” हे त्याचं पहिलं वाक्य आणि हेच शेवटचं.

तुम्ही मला समोर बसवलं असतंत तर मी पळून गेलो असतो. मी मानी माणूस. तुम्ही ते लग्न होऊन आल्या महिन्यातच ओळखलंत. संध्याकाळी नुसतं विचारायचात, “भाऊजी, आज कामावर काय झालं?” मी सांगायचो: सहाव्या मजल्यावरच्या बाई वरचं आणि खालचं दोन्ही बटणं दाबतात, म्हणजे लिफ्ट दुप्पट लवकर येते म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला की वरच्या झाकणात घडी केलेला कागद. सहाव्या मजल्यावरच्या बाई, दोन बटणं, सगळं इंग्रजीत. माझाच कालचा दिवस, मधेमधे भोकं पाडलेला. गाइडातले उतारे सगळे राजे आणि कोल्हे यांचे. मला राजाचं काय देणंघेणं? पण त्या बाई मला ठाऊक होत्या, त्यामुळे शब्दही सापडायचे. जेवता जेवता भरायचो आणि रिकाम्या डब्यातून कागद परत. तुम्ही हिरव्या शाईने तपासायचात. लाल शाईने माणूस घाबरतो म्हणायचात.

एकदा मी म्हटलं होतं, लिफ्टमध्ये कुणी इंग्रजी बोलणारं अडकलं की मला काही बोलता येत नाही, मी बाहेरून नुसता “ओके, ओके” ओरडतो. त्यावर तुम्ही लिहिलेला उतारा मला अजून पाठ आहे. घाबरू नका. तुम्ही सुरक्षित आहात. आतली हवा संपत नाही. मी इथेच आहे. पुढे एका हॉटेलात परदेशी म्हातारी अडकली तेव्हा दाराच्या फटीला तोंड लावून तो अख्खा उतारा मी म्हणून दाखवला. बाहेर आल्यावर तिने माझ्या ग्रीसने माखलेल्या हातात हात दिला. त्याच महिन्यात परीक्षेला बसलो आणि पास झालो.

ते सगळे कागद मी जपून ठेवलेत. आता गाइडं छापणाऱ्या एका प्रकाशकाने त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. लिफ्टच्या कामगारांसाठी इंग्रजी उतारे, गाळलेल्या जागांसह. निम्मे तुमचे, निम्मे त्याच धर्तीवर मी लिहिलेले. दोन गोष्टी मागतो. एक, छापायची परवानगी. दुसरी, पुस्तकावर तुमचं नाव. दुसरीशिवाय पहिली मला नको. दुसऱ्याच्या हातचं खाऊन आपल्या नावाची ढेकर देणं मला जमणार नाही.

सोबत माझे तीन उतारे पाठवतो. तपासाल?

तुमचा धाकटा दीर


९ मार्च, गुरुवार

________ वहिनी,

पाकीट मिळालं. आत तुमचं पत्र असेल म्हणून उघडलं, तर माझेच तीन उतारे परत. हिरव्या शाईने तपासलेले. दुसरा एक शब्द नाही. फक्त कुत्र्याच्या उताऱ्याखाली ‘छान’. (चौथ्या मजल्यावरचा तो कुत्रा, जो स्वतःच लिफ्टमध्ये शिरून कुणीतरी बटण दाबायची वाट बघतो.) आमची ही म्हणते, “एवढाच एक शब्द, आणि तुम्ही दिवसभर आरशात बघताय.” बघतोय. तुमचं ‘छान’ किती महाग असायचं, हे तिला काय माहीत.

पण तपासणी मला पूर्ण मान्य नाही. पहिल्या उताऱ्यात तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय, ‘इथे दोन उत्तरं बसतात, दोन्ही बरोबर धरा.’ वहिनी, यंत्रात एका भोकात एकच बोल्ट बसतो. दोन बसत असतील तर भोक चुकलं. तरी तुम्ही म्हणता म्हणून मागच्या उत्तरांच्या सूचीत दोन्ही देतो.

आता एक सांगायचं की नाही यावर बराच विचार केला. लपवलं तर ते तुम्हाला ओळींच्या मधून दिसेलच, म्हणून सांगतो.

पाकीट पोस्टमनकडून दादाने घेतलं. रिटायर झाल्यापासून दारावरची टपाल त्याच्याकडेच असते. त्याने ते मागूनपुढून बघितलं, टेबलावर ठेवलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. हिने वर्तमानपत्र उचललं.

“दादा, अक्षर ओळखीचं वाटतंय.”

“इंग्रजी अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं.”

“पत्ता मराठीत आहे.”

यावर त्याने वर्तमानपत्र मागून घेतलं आणि कालचाच अंक वाचत बसला.

जेवताना मला म्हणाला, “पुस्तकावर नाव कुणाचं?”

“माझं. आणि जिने लिहिलं तिचं.”

“तसं छापलंस तर मी या घरात राहणार नाही.”

“कुठे जाशील?”

“कुठेही. मी काही लहान आहे का?”

लहान नाही, म्हणूनच काळजी. खिशात औषधाच्या गोळ्या, कानात ऐकायचं यंत्र, आणि चाळीस वर्षांत या घराबाहेर मुक्काम नाही. त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर जेवत नाही. ताट खोलीत मागवतो. ताट चाटूनपुसून स्वच्छ येतं, म्हणजे राग आहे पण पोटात उतरलेला नाही, असं आमच्या हिचं निदान.

मला पुस्तकही हवंय, तुमचं नावही हवंय आणि दादाही ताटावर हवाय. तिन्ही एकदम कसं बसवायचं ते मला अजून दिसत नाही. तुम्ही तेवढं ‘हो’ म्हणा. दादाचं मी बघतो.

तुमचा धाकटा दीर


२ एप्रिल, रविवार

________ वहिनी,

या वेळी खरंखुरं पत्र. चार ओळींचं, पण पत्र. तुमचीच वाक्यं परत लिहितो, म्हणजे मी नीट वाचलंय हे कळेल: ‘उतारे खुशाल घ्या, भाऊजी. ते तुमच्याच दिवसांचे आहेत. नाव नको. ज्या माणसाचं माझ्या नावाने ताट वेगळं होतं, त्याच्या घरात ते छापून आणू नका.’

म्हणजे दादा तुमच्यापायी नको म्हणतो आणि तुम्ही दादापायी नको म्हणता. मधे मी, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा.

वहिनी, मी त्या दिवशी घरात होतो, तुम्हाला आठवत असेल. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडून बसलो होतो. त्या दूरच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र तुमच्या हातात होतं. तुम्ही दादाला विचारलंत, “मी जाऊ का?” दादा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. ‘जा’ म्हणाला असता तरी चाललं असतं. ‘जाऊ नकोस’ म्हणाला असता तर तुम्ही पत्र फाडलं असतंत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. ‘मी पण येतो’ म्हणाला असता तर मीच दोघांची ट्रंक उचलून स्टेशनवर नेली असती. तीन उत्तरं बसत होती, तिन्ही बरोबर होती. त्याने एकही भरलं नाही. बूट घासत राहिला. तुम्ही उभ्या राहिलात, बऱ्याच वेळाने आत गेलात.

तुम्हाला एक ठाऊक नसेल, कारण तुम्ही सकाळच्या गाडीने गेलात. तो अख्खा वेळ त्याने एकच बूट घासला होता. दुसऱ्या दिवशी तसाच ऑफिसला गेला. एक बूट आरशासारखा, दुसरा धुळीने भरलेला. ऑफिसातले हसले असतील. हेडक्लार्कला तोंडावर कोण सांगणार?

हे सांगून त्याची बाजू घेत नाही. तुम्ही गेलात ते योग्यच केलंत, आणि आज तुमच्या शाळेतली शेकडो मुलं त्याची साक्ष देतील. मी फक्त जे बघितलं ते सांगतो. आमच्या कामात एक शिस्त आहे. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर आधी त्याच्याशी बोलायचं, दाराला हात नंतर. घाईने दार फाकवलं तर घाबरलेला माणूस बाहेर उडी मारतो आणि फटीतून खाली जातो. म्हणून दादाशी मी भांडत नाही. रोज ताट घेऊन मीच जातो आणि कामावर काय झालं ते सांगतो. तो ऐकत नाहीसं दाखवतो. कालची गोष्ट मात्र मी अर्धी सोडली तर म्हणाला, “मग? निघाला का तो बाहेर?”

तुमच्या ‘नको’ला मी मान देतो. पण मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव येणार नाही, हेही पक्कं. काहीतरी मधला मार्ग काढतो.

तुमचा धाकटा दीर


२९ एप्रिल, शनिवार

________ वहिनी,

हे पत्र हसत हसत वाचा, कारण मी लिहितोय ते कपाळावर हात मारून झाल्यावर.

प्रकाशकाकडे टाइपिंग करणारी एक मुलगी आहे. नवीन आहे, कामाला वाघीण. परवा तिचा फोन.

“काका, तुमचं पुस्तक झालं बघा. फार त्रास दिला हो तुमच्या फाइलने.”

“कसला त्रास?”

“अहो, जागोजागी शब्दच उडालेले! नुसत्या रेघा. फाँटचा प्रॉब्लेम असणार. पण तुम्ही काळजी करू नका, मी सगळे भरले.”

“सगळे?”

“सगळे. वाक्य वाचायचं, मागचंपुढचं बघायचं, शब्द आपोआप कळतो. आमचे साहेब म्हणाले होते, काकांना त्रास देऊ नकोस, म्हणून विचारलं नाही.”

वहिनी, गाळलेल्या जागांचं पुस्तक, आणि एकही जागा गाळलेली नाही! छापून आलं असतं तर लोकांनी त्यात करायचं काय, शुद्धलेखन? मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण माझ्या लक्षात आलं, या पोरीने नकळत तुमची अख्खी परीक्षा दिली होती. मी कचेरीत गेलो, प्रूफं घेतली आणि तिच्यासमोर बसून तपासली. खिशात हिरवं पेन असतंच. सगळ्या पुस्तकात मोजक्याच चुका, त्याही बहुतेक माझ्या उताऱ्यांतल्या. तुमच्या उताऱ्यांत ती कुठेच अडखळली नाही. या गोष्टीचा मला जेवढा आनंद झाला तेवढंच वाईटही वाटलं.

“बारावीला इंग्रजीत काठावर पास होते मी, काका,” ती म्हणाली. तिचा चेहरा काळजीने एवढासा झालेला. “आता सगळं परत पुसू?”

“पूस. पण आधी एक छापील प्रत तुझ्यासाठी काढून ठेव. निकाल म्हणून.”

मग ती म्हणाली, “तसं सगळं नाही भरलं. एक जागा राहिली. पहिल्या पानावरची.”

तो माझा मधला मार्ग. अर्पणपत्रिकेच्या पानावर मी एकच ओळ ठेवली होती, इंग्रजीत: ‘हे पुस्तक ________ मुळे आहे.’

“या ओळीला मागे काही नाही, पुढे काही नाही,” ती म्हणाली. “ओळखणार कसं?”

“पुढे अख्खं पुस्तक आहे की.”

तिने थोडा विचार केला. “मग घरातलं कुणीतरी आहे. रोज डबा द्यायचं ते.”

मी मान डोलावली आणि खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला. पट्टा चांगलाच होता.

तर ती ओळ तशीच छापली जाईल, रिकाम्या जागेसकट. तुमचं नाव नाही, म्हणजे तुमचा शब्द राखला. दादाची अट मोडली नाही. आणि मीही खोटं बोललो नाही. मुखपृष्ठावर कुणाचंच नाव नाही. प्रकाशक म्हणाला, “असं पुस्तक खपत नाही.” मी म्हटलं, “गाळलेल्या जागांचं पुस्तक आहे, मालक. पहिली मुखपृष्ठावर आली असं समजा.”

हे तुम्हाला चालणार नसेल तर लगेच कळवा. अजून छपाई थांबवता येईल.

तुमचा धाकटा दीर


१६ मे, मंगळवार

________ वहिनी,

तार यावी तसा हिच्या फोनवर तुमचा मेसेज आला: ‘चालेल.’ एवढाच. जावेचा नंबर तुमच्याकडे आहे, हे मला तेव्हाच कळलं. विचारलं तर ही म्हणाली, “बायकांच्या गोष्टीत तुम्ही पडू नका.” किती दिवस चाललंय हे, कोण जाणे. मी आपला पोस्टाची तिकिटं चिकटवतोय.

पुस्तक आलं. तुमची प्रत वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. वास घेऊन बघा, नव्या पुस्तकाला लिफ्टच्या नव्या दोरखंडासारखा वास येतो.

इकडची बातमी: दादा पडला. घाबरू नका, पायाचं हाड, प्लास्टर घातलंय, बाकी ठणठणीत. घरात एक मेकॅनिक असताना हा स्टुलावर चढून बल्ब बदलत होता. का, तर माझ्याशी बोलणं नाही म्हणून मला सांगायचं नाही. आता पलंगावर, पाय उशीवर. वर्तमानपत्र आठ वाजेपर्यंत संपतं. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघून म्हणाला, “ते तुझं चोपडं छापून झालं म्हणे.”

“झालं.”

“बघू. चुका असतील.”

मी प्रत दिली आणि एक पेन्सिल. वहिनी, त्या दिवसापासून तो सोडवतोय. आणि भांडतोय! मी कामावरून आलो की दारातच हजेरी.

“अकराव्यात तुझी सूची चुकली.”

“दोन्ही उत्तरं बरोबर धरायची, असं खाली लिहिलंय बघ.”

“असं कुठे असतं? एक काहीतरी असलं पाहिजे.”

म्हटलं, माझाच भाऊ तू.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, तो ओळीने सोडवत नाहीये. मधले उतारे गाळतोय. पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, कुठला कुणाचा. पण त्याने फक्त तुमचे सोडवलेत. एकही चुकला नाही ओळखायला. आणि सगळे पेन्सिलने. पस्तीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार केलेला माणूस ‘इज’ आणि ‘आर’सुद्धा पेन्सिलने भरतोय. मी विचारलं, “पेन देऊ का?” तर म्हणाला, “पेनाएवढी खात्री कुणाला असते?”

काल तो त्या उताऱ्यापाशी आला. तुम्हाला आठवत असेल. मी रात्रपाळीच्या दिवसांत उशिरा यायचो तेव्हा तुम्ही लिहिलेला. मराठीत असा होईल: ‘मेकॅनिकला यायला उशीर झाला की त्याचा मोठा भाऊ खिडकीत उभा असतो. विचारलं तर म्हणतो, मी ________ बघतोय. तो ________ माणूस आहे, पण ते कुणाला ________ देत नाही.’

मी ताट घेऊन गेलो तर पुस्तक छातीवर उलटं.

“हा उतारा तिचा?”

वहिनी, इतक्या वर्षांत ‘ती’ हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

“तिचाच.”

“तुझ्या डब्यात घातला होता?”

“हो.”

“मग हे तिला ठाऊक होतं.”

“तू खिडकीत उभा असायचास, दादा. खिडकी घराच्या आतूनही दिसते.”

त्याने पुस्तक बाजूला ठेवलं. ताट घेतलं. मग म्हणाला, “इथे बस. एकट्याने जेवण जात नाही.”

आज ताट पुन्हा सगळ्यांबरोबर. पाय खुर्चीवर ठेवून, पण सगळ्यांबरोबर. पुस्तकाचं सार्थक झालं, आता एकही प्रत खपली नाही तरी माझी तक्रार नाही. हे प्रकाशकाला सांगू नका.

तुमचा धाकटा दीर


१८ जून, रविवार

तीर्थरूप वहिनी,

पुढचं वाचून मागचं सुचलं. जागा भरली आहे, पेनाने.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच, पण क्रमाने सांगतो. तुम्हीच म्हणायचात, उतारा लिहिताना आधी काय घडलं ते आधी.

दादाचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन घरात फिरतो. गुरुवारी सकाळी मी निघताना तो स्वयंपाकघरात होता. हिने डबा भरला, पिशवी त्याच्याकडे दिली, त्याने माझ्याकडे दिली. हे कधी होत नाही. मी म्हटलं, बऱ्या होत चाललेल्या माणसाला काहीतरी काम हवं असतं.

दुपारी एका दवाखान्याच्या इमारतीत मशीनरूममध्ये जेवायला बसलो. पिशवीत डब्याशेजारी काहीतरी टणक. ते पुस्तक होतं, दादाची प्रत. मला वाटलं, चुकांची यादी असेल. पानं चाळली. तुमचे सगळे उतारे पूर्ण, पेन्सिलने, त्याच्या त्या हेडक्लार्की अक्षरात. खिडकीच्या उताऱ्यात पहिल्या जागी त्याने ‘रस्ता’ लिहिलंय. सूचीत ‘आभाळ’ आहे. दोन्ही बरोबर. दुसऱ्या जागेवर लिहून खोडलंय, पुन्हा लिहून पुन्हा खोडलंय, कागद झिजलाय तिथे. तिसरी जागा बरोबर.

मग मी पहिलं पान उघडलं.

‘हे पुस्तक ________ मुळे आहे.’ ती जागा आता रिकामी नाही. तिथे त्याने तुमचं नाव लिहिलंय. शाळेच्या पाटीवरचं नव्हे. ते दुसरं, जे या घरात फक्त तो घ्यायचा, तेही दार लोटलेलं असलं तरच. तुमच्या जावेलाही ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे कारण भिंत पातळ आहे. ते मी इथे लिहिणार नाही, तो माझा शब्द नव्हे.

वहिनी, ते पेनाने लिहिलंय. निळ्या शाईने, एका झटक्यात, कुठेही खोडाखोड नाही.

जेवण तसंच राहिलं. शेजारी मोटर चालू झाली, दोर सरकायला लागले, माणसं वरखाली करत राहिली, आणि मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, पहिल्या दिवशी तुमचा पहिला कागद सापडला तेव्हा बसलो होतो तसा.

संध्याकाळी घरी आलो तर दादा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. एक झाला होता. मी शेजारी बसलो. तो दुसरा घासत होता. दुसरा पूर्ण झाल्यावर त्याने दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

“पुस्तक सापडलं?”

“सापडलं.”

“असली पुस्तकं सोडवून झाली की तपासायला पाठवतात ना कुणाकडे?”

“पाठवतात.”

“मग पाठव.” आणि बूट उचलत, “पहिल्या पानावरचं चुकलं असेल तर तिला म्हणावं, हिरव्याने खोड. राग नाही.”

पार्सलवर पत्ता त्यानेच लिहिलाय. मी काहीच मागत नाही, वहिनी. मला जे द्यायचं होतं ते तुम्ही तेव्हाच झाकणात घालून देऊन टाकलंत, आणि त्याच्यावर मी आजवर जेवतोय. फक्त पुस्तक तपासून परत पाठवा. आमची टपाल अजून दारावर दादाच घेतो.

तुमचा धाकटा दीर